बोटीचं वेळापत्रक चार वर्षांच्या मुलाने ठरवावं

प्रश्न पुण्याच्या एका जोडप्याचा आहे. मुलगी नऊ वर्षांची, मुलगा चार वर्षांचा. मुंबईत मित्राची तेहतीस फुटी शिडाची बोट आहे, ती डिसेंबरच्या सुरुवातीपासून फेब्रुवारीच्या मध्यापर्यंत वापरायला मिळते आहे. बोट दोघांनाही चालवता येते, पण आजवर मुंबई बंदरात आणि फार तर अलिबागपर्यंत. आता किनाऱ्याकिनाऱ्याने गोव्याला जाऊन परत यायचं आहे. मुलांना झेपेल का, बोट लागली तर काय करायचं, शाळेचं काय, अडुसष्ट वर्षांच्या आजींना न्यावं का, असे प्रश्न आहेत. आणि सगळ्यात शेवटी हळूच विचारलेला एक: एवढ्याशा जागेत अडीच महिने राहून आम्ही एकमेकांच्या जिवावर तर उठणार नाही ना?

झेपेल. मी आणि माझा नवरा याच किनाऱ्यावर आमच्या दोन मुलांना घेऊन बरेच हिवाळे हिंडलो आहोत. बोटीवर शेवटचा शब्द माझा असतो, स्वयंपाकघरात त्याचा. एका अटीवर मात्र मी ठाम आहे. बोट किती वेगाने जाते, वारा कसा आहे, गोवा कधी येणार, यावरून दिवस ठरवायचा नाही. सगळ्यात लहान माणूस कधी उठतो, कधी खातो, कधी कुरकुरायला लागतो, यावरून ठरवायचा. नशिबाने कोकणचा हिवाळी वारा या वेळापत्रकाला नेमका जुळतो.

आधी अंतराचा धाक मनातून काढून टाका. मुंबई साधारण १८ अंश ५५ मिनिटांवर आहे, गोव्याचं आग्वाद साडेपंधरा अंशांच्या किंचित खाली. अक्षांशाचं एक मिनिट म्हणजे एक सागरी मैल, १,८५२ मीटर. म्हणजे सरळ दक्षिणोत्तर अंतर दोनशे मैलांपेक्षा थोडं जास्त, वळणंवळसे धरून सव्वादोनशे. पाच नॉटने, म्हणजे तासाला पाच सागरी मैलांनी, न थांबता गेलं तर पंचेचाळीस तासांचा प्रवास. शर्यतीवाले तो तसाच करतात आणि त्यांना त्यात मजाही येते. तुम्हाला यायची नाही. तुम्ही त्याचे नऊ-दहा तुकडे करा. नकाशावर अक्षांश पाहिले की तुकडे आपोआप दिसतात (टिंबाआधी अंश, टिंबानंतर मिनिटं): मुरूडजवळची राजपुरी १८.१८, हर्णै १७.४९, जयगड १७.१८, रत्नागिरी १७.००, विजयदुर्ग १६.३३, देवगड १६.२२, मालवण १६.०३, वेंगुर्ला १५.५१. एका टप्प्यात दहा-बारा मैलांपासून तीस-बत्तीस मैलांपर्यंत. ही वजाबाकी मुलीला करायला द्या.

आता वारा. डिसेंबर-जानेवारीत रात्री जमीन निवते आणि जमिनीकडून समुद्राकडे मतलई वारा सुटतो. पहाटे तो सर्वांत भरवशाचा. ईशान्य किंवा पूर्वेकडून येतो, किनाऱ्याच्या आडोशाने पाणी सपाट राहतं आणि दक्षिणेला निघालेल्या बोटीला तो बाजूने मिळतो. शिडाच्या बोटीला याहून जास्त काही लागत नाही. नऊ-दहाला तो मरायला लागतो, मग तास-दोन तास शिडं नुसती लोंबतात. दुपारी वायव्येकडून खारा वारा उठतो, चारच्या सुमाराला पाणी चांगलंच उसळतं आणि सूर्य बुडाल्यावर पुन्हा शांत होतं.

चार वर्षांच्या मुलाचा दिवस यावर ठेवून पाहा. पहाटे साडेपाच-सहाला तुम्ही दोघं उठता, नांगर काढता, मुलं बंकवर झोपलेलीच असतात. साडेसातला ती डोळे चोळत वर येतात तेव्हा बरंच अंतर मागे पडलेलं असतं. दूध, लाडू, थोडं डॉल्फिन शोधणं, थोडं भांडण, आणि त्यांचा धीर सुटायच्या आत, अकरा-बाराला, नांगर पडतो. समुद्र खवळायच्या वेळी तुम्ही जेवून किनाऱ्यावर असता. जिथे टप्पा तीस मैलांचा आहे तिथे वारा पडला की लाज न बाळगता इंजिन लावा. कुटुंबाला घेऊन निघालेल्याने इंजिन न लावण्याचा पण करू नये.

दक्षिणेला जाताना एक मोह हमखास होतो. दुपारचा वायव्य वारा पाठीमागून येतो, बोट सहा-सात नॉट पळते, आणि वाटतं की चला, आज दोन टप्पे एकदम उरकू. मागून तिरप्या येणाऱ्या लाटांवर बोट जी डोलते त्याने मोठ्यांचीही पोटं ढवळतात. शिवाय खाडीच्या मुखाशी पोहोचता पोहोचता ओहोटी लागलेली असली तर बाहेर येणारं पाणी आणि आत जाणाऱ्या लाटा समोरासमोर भिडतात आणि वाळूच्या दांड्यावर लाटा फुटतात. बाणकोट, दाभोळ, तेरेखोल, शापोरा या मुखांशी माहीतगार माणूस सोबत असल्याशिवाय जायचंच नाही, सकाळीही नाही. खाड्या सुंदर आहेत, मान्य. डिंगीतून, म्हणजे बोटीबरोबरच्या छोट्या होडीतून, भरतीला, दुसऱ्या कुणाच्या तरी जबाबदारीवर पाहा.

ज्या जागा कुटुंबाला मानवतात त्यांच्याबद्दल थोडं लिहिते. पहिला मुक्काम मांडव्याला करा. जेमतेम आठ-दहा मैल, आणि काही विसरलं असेल तर जेट्टीवरून तासाभरात मुंबई. दुसऱ्या दिवशी खांदेरी-उंदेरी या बेटांना बाहेरून वळसा घालून खाली जायचं. १६७९ मध्ये याच पाण्यात मराठ्यांच्या छोट्या होड्यांनी इंग्रजांच्या जड जहाजांना दमवलं होतं. उथळ पाण्यात हलकी, वल्ह्यावरही चालणारी होडी मोठ्या जहाजाला कशी भारी पडते, हे वारा पडल्यावर तुमची बोट जागच्या जागी डुलत असताना आणि शेजारून एखादा पोरगा होडी वल्हवत पुढे निघून जात असताना मुलांना समजावता येतं.

राजपुरीच्या खाडीत, जंजिऱ्याच्या आत, पाणी खोल आणि वायव्येपासून आडोसा चांगला. इथे तीन-चार दिवस राहा, कारण सगळ्यांना बोटीची सवय इथेच होणार आहे. हर्णैला सुवर्णदुर्गाच्या आडोशाला मच्छीमारांची दाटी असते. नांगराला जागा शोधावी लागते, आणि वास येतो तो येतोच. पण संध्याकाळचा मासळीचा लिलाव मुलांनी पाहावा असा असतो. जयगड खोल आणि शांत आहे. मोठी जहाजं येतात-जातात, त्यांच्या वाटेपासून दूर नांगर टाकायचा. रत्नागिरी मला बोटीसाठी फारशी आवडत नाही. किराणा, डिझेल, डॉक्टर, रेल्वे यांच्यासाठी जावं आणि निघावं.

विजयदुर्गाला मात्र आठवडा ठेवा. वाघोटण खाडीच्या तोंडाशी इतका सुरक्षित आसरा या किनाऱ्यावर क्वचितच आहे, आणि आंग्र्यांनी आरमारासाठी ही जागा का धरली ते नांगर टाकताच कळतं. १७५६ मध्ये इंग्रजांनी हा किल्ला घेतला त्यालाही किती तयारी करावी लागली होती! जवळ गिर्ये गावी खडकात खोदलेली जुनी गोदी आहे. भरतीला जहाज आत घ्यायचं, ओहोटीला ते कोरडं उभं राहतं, मग बुडाची डागडुजी करायची. ती ओहोटीच्या वेळी पाहा. तुमच्या बोटीचं बूड कुठे आणि कसं साफ होतं हे मुलीने मुंबईत पाहिलं असेल, तर तिला तिथे काही सांगावं लागणार नाही.

देवगडचं बंदर तिन्ही बाजूंनी जमिनीने वेढलेलं. तिथे झोप गाढ लागते. मालवणच्या पाण्यात खडक फार. सिंधुदुर्गाच्या आसपास ऊन डोक्यावर असताना, पाण्याचा रंग दिसत असतानाच शिरायचं, एकाने पुढच्या टोकाला उभं राहून खडक बघायचे, आणि पहिल्यांदा जात असाल तर आधी फोन करून एखादा स्थानिक होडीवाला पुढे घ्यावा. दोन पैसे गेले तरी चालतील. १६६४ मध्ये बांधायला घेतलेल्या त्या किल्ल्यात दूध बाव, दही बाव आणि साखर बाव अशा तीन गोड्या पाण्याच्या विहिरी आहेत. खाऱ्या पाण्याने वेढलेल्या खडकावर गोडं पाणी, हे बोटीवर मोजून पाणी वापरणाऱ्या मुलांना जितकं पटतं तितकं सहलीच्या बसमधून आलेल्यांना पटत नाही. वेंगुर्ल्याला समुद्रातले दिवे असलेले खडक लांबूनच बघा.

रात्रीच्या प्रवासाबद्दल विचारलेलं नाही, तरी सांगते: करू नका. वारा किंवा लाटा यांच्यापेक्षा या किनाऱ्यावर खरी भीती जाळ्यांची. रायगडच्या बाजूला खुंटांना बांधलेली डोल जाळी, पुढे मैलोन्‌मैल सोडलेली तरंगती जाळी, त्यांच्या टोकाला कधी मिणमिणता दिवा तर कधी नुसता प्लास्टिकचा डबा. पंख्यात जाळं अडकलं की इंजिन गेलं, आणि कुणाची तरी महिन्याची कमाईही गेली. पहाटे अंधारात निघताना काल ज्या वाटेने आत आलात ती जीपीएसवर नोंदलेली असते, त्याच वाटेने बाहेर पडा आणि उजाडल्यावरच नवीन पाण्यात शिरा. जिथे जाळी दाट आहेत तिथे सरळ उजाडल्यावर निघा.

कोळी लोकांशी वागण्याचीही एक पद्धत आहे. पाण्यात राहून माशाशी वैर करू नये, आणि मच्छीमाराशी तर नाहीच. जाळ्याच्या कुठल्या बाजूने जायचं ते हात वर करून विचारा, ते ओरडून सांगतात. बंदरात गेल्यावर एखाद्या नाखवाला नमस्कार करून नांगर कुठे टाकू विचारा. नकाशात नसलेला खडक त्याला ठाऊक असतो. मुलं बोटीवर दिसली की अर्धं काम झालेलंच असतं. मासळी देऊ करतील तेव्हा पैसे विचारा, नाहीच घेतले तर मुलांकडून लाडवाचा डबा पाठवा. दारूची बाटली देण्याची काही हौशी लोकांची सवय आहे, ती तुम्ही लावून घेऊ नका. मालवणच्या पुढे तुमची पुणेरी मराठी ऐकून हसतील, "खंय चल्लास?" विचारतील. मुलं चार दिवसांत मालवणी हेल उचलतात आणि पुढे महिनाभर घरात तोच चालतो.

कागदपत्रांचं थोडक्यात. बोटीची नोंदणी, विमा, मालकाचं पत्र आणि प्रत्येकाचं आधार एका पाणबंद पिशवीत हाताशी ठेवा. २००८ च्या मुंबई हल्ल्यानंतर किनाऱ्यावरची तपासणी कडक झाली आहे, सागरी पोलिसांची गस्ती बोट शेजारी येऊन विचारपूस करते. ते त्यांचं काम आहे. चहा विचारा, कागद दाखवा. प्रत्येक बंदरात पोहोचल्यावर बंदर कार्यालयात कळवलं की पुढचे प्रश्न कमी होतात.

सुरक्षिततेच्या बाबतीत मी लोकशाही मानत नाही. केबिनच्या बाहेर डोकं काढलं की अंगात लाइफ जॅकेट, मुलांच्याच नव्हे, आईबापांच्याही. बोट चालू असताना मुलांचा हार्नेस (अंगातला पट्टा) कॉकपिटमधल्या, म्हणजे सुकाणूजवळच्या बसायच्या जागेतल्या, कडीला अडकवलेला, आणि ती कडी मुलाला स्वतःला उघडता येऊ नये. कठड्याच्या तारांना चारी बाजूंनी मासेमारीचं जुनं जाळं बांधून घ्या. कोणत्याही बंदरात स्वस्तात मिळतं, आणि मुलापेक्षा आधी खेळणी वाचतात. अंधारात एकट्याने डेकवर जायचं नाही. पुरुषांनी कठड्याला उभं राहून लघवीला जायचं नाही, बादली आहे. हा नियम ऐकून तुमचा नवरा हसेल. माझाही हसला होता. तरी तो पाळतो.

पाण्यात पडलेल्या माणसाला वर घेण्याचा सराव नारळाने करा. शांत पाण्यात न सांगता नारळ टाकायचा आणि ओरडायचं. एकाने बोट वळवायची. मुलीचं काम एकच: नारळाकडे हाताचं बोट रोखून धरायचं आणि काही झालं तरी नजर हलवायची नाही. लाटांत नारळ किती लवकर दिसेनासा होतो ते एकदा पाहिलं की लाइफ जॅकेटवरून वाद होत नाहीत. दोघांनीही हे एकटं करून पाहायला हवं, कारण पडणारा तुमच्यापैकीच एक असला तर उरलेल्याला दोन मुलांसकट बोट वळवायची आहे.

तटरक्षक दलाचा मदतीचा क्रमांक १५५४, सागरी पोलिसांचा १०९३, रेडिओवर चॅनल १६. किनाऱ्यापासून दोन-चार मैलांत मोबाइलला बहुतेक ठिकाणी रेंज मिळते, पण तिच्यावर भिस्त ठेवू नका. पुण्यात एका नातेवाइकाला रोज निघताना आणि पोहोचल्यावर निरोप द्या. संध्याकाळी सातपर्यंत निरोप नाही आला तर त्याने काय करायचं तेही आधीच लिहून ठेवा, नाहीतर तो नुसताच काळजी करत बसेल.

हवामानाचा धोका तुमच्या तारखांत कमी आहे, आणि म्हणूनच तारखा सरकवू नका. फयान वादळ ११ नोव्हेंबर २००९ ला आलं, निसर्ग ३ जून २०२० ला, तौक्ते मे २०२१ मध्ये. पावसाळ्याच्या आधीचे-नंतरचे महिने या समुद्रात वादळाचे. कोळी नारळी पौर्णिमेला समुद्राला नारळ देऊन होड्या लोटतात, पण त्यांच्याकडे पिढ्यांची ओळख असते, तुमच्याकडे नाही. हवामान खात्याचा आणि हैदराबादच्या इन्कॉइस या सागरी माहिती केंद्राचा लाटांचा अंदाज रोज रात्री पाहा. शंका असेल तर त्या दिवशी किल्ला बघायचा.

बोट लागण्याबद्दल. दोन वर्षांखालच्या बाळांना सहसा त्रास होत नाही, त्यानंतर बारा वर्षांपर्यंतच्या मुलांना सर्वांत जास्त होतो. म्हणजे तुमची दोन्ही मुलं नेमकी त्या वयात आहेत. पहाटेच्या सपाट पाण्यात निम्मा त्रास टळतो. राहिलेल्यासाठी: पोट रिकामं ठेवायचं नाही, तेलकटही द्यायचं नाही. कोरडी पोळी, केळं, आलेपाक. केबिनमध्ये पुस्तक किंवा मोबाइल अजिबात नाही. नजर लांबच्या डोंगरावर. मुलीला सुकाणू धरायला द्या, हातात काम असलेलं माणूस कमी आजारी पडतं. मुलाला मळमळलं की झोपवा, तो झोपतो. औषध द्यायचं तर मुलांच्या डॉक्टरांकडून नाव आणि वजनाप्रमाणे मात्रा लिहून घ्या, आणि आधी घरी एकदा देऊन पाहा. काही मुलं त्या औषधाने दिवसभर गुंगतात, काही उलट चेकाळतात. त्रास सुरू झाल्यावर दिलेलं औषध पोटात टिकत नाही, निघण्याआधीच द्यायचं. मोठ्यांच्या औषधाबद्दलही विचारून ठेवा. कर्णधार ओकत बसला तर कुणाला परवडणार?

पाणी: पिण्यासाठी आणि स्वयंपाकाला माणशी रोज चार लिटर धरा. चौघांचे सोळा. दोनशे लिटरची टाकी बारा दिवस पुरायला हवी, मी आठच धरते. भांडी समुद्राच्या पाण्यात घासायची आणि शेवटी कपभर गोड्या पाण्याने विसळायची. बंदरात खाडीचं गढूळ पाणी असतं, तिथे हे करू नका. अंघोळ एक तांब्या, आठवड्यातून दोनदा किनाऱ्यावर कुणाच्या तरी घरी किंवा लॉजवर चांगली बादलीभर.

स्वयंपाकाचा आमचा नियम आहे की चालत्या बोटीवर शेगडी पेटत नाही. चहा पहाटेच थर्मासमध्ये. वाटेत दडपे पोहे, दशम्या, गूळ-शेंगदाण्याचे लाडू. नांगर पडला की कुकर, आणि बोटीवर कुकरइतकं गुणी भांडं नाही, कारण लाट आली तरी झाकण उडून गरम वरण कुणाच्या पायावर सांडत नाही. मेतकूट, भाजणी, कोकमं, सुकट, सोडे, पापड यांवर दोन आठवडे कुठेही अडत नाही. भाज्यांत दुधी, कांदे, बटाटे, लाल भोपळा टिकतात. पालेभाजी बंदरात मिळेल तेव्हा. कोकम सार उन्हात बाजारातल्या कुठल्याही सरबतापेक्षा बरं. डिसेंबरातही दुपारचं ऊन पाण्यावरून दुप्पट लागतं, कॉकपिटवर जाड कापडाची सावली बांधल्याशिवाय निघू नका.

शाळेचं एवढं मनावर घेऊ नका. चार वर्षांच्याला काही नकोच. मुलीच्या मुख्याध्यापकांना आधी भेटा, कोणते धडे होणार आहेत ते विचारा, लेखी अर्ज द्या. नांगर टाकल्यावर, जेवणाआधी, एक तास गणित आणि भाषा. त्याहून जास्त जमत नाही आणि लागतही नाही. बाकीचं बोटीच्या रोजनिशीत: निघण्याची वेळ, वारा, भरती, काय दिसलं. ती रोजनिशी मुलीनेच लिहायची आणि बोटीची अधिकृत नोंद म्हणून तुम्ही तीच वापरायची. खोटा गृहपाठ मुलांना लगेच ओळखू येतो.

भरतीचं गणित आजींकडून शिकवा. मुंबई-अलिबागकडे जुना हिशोब आहे: तिथीची पाऊणपट करा, भरतीची वेळ मिळते. चतुर्थीला तीन वाजता, अष्टमीला सहा वाजता, पौर्णिमा-अमावास्येला सव्वाअकरा ते बाराच्या दरम्यान. अडुसष्ट वर्षांच्या बाईंना पाऊणकीचा पाढा पाठ असण्याची बरीच शक्यता आहे. नात तिथी सांगेल, आजी वेळ. मग छापील कोष्टकाशी ताडून पाहायचं. दक्षिणेला जाल तशी भरती या हिशोबापेक्षा लवकर यायला लागते आणि पाण्याची चढउतारही कमी होते: मुंबईला उधाणाला चार मीटरच्या वर, गोव्यात दोनच्या आसपास. किती फरक पडला हे मुलीने रोज मांडलं तर एवढा अभ्यास पुष्कळ झाला. नांगराची साखळी किती सोडायची ते मात्र कोष्टक बघूनच ठरवा.

आजींना न्या, पण सगळा प्रवास बोटीतून नको. त्यांची अडचण समुद्र ही नसते. हलत्या डिंगीतून बोटीच्या शिडीवर पाय टाकणं ही असते, आणि ते दिवसातून दोनदा. गुडघे बरे असतील तर देवगड, विजयदुर्गासारख्या शांत बंदरात चार-चार दिवस त्यांना बोटीवर राहू द्या. मधले टप्पे त्यांनी कोकण रेल्वेने आणि एसटीने करावेत. रत्नागिरी, कणकवली, कुडाळ ही स्थानकं तुमच्या वाटेला समांतरच आहेत. यात तुमचाही फायदा आहे. एखाद्या टप्प्याला मुलगा तापला किंवा नुसताच विटला, तर तो आजीबरोबर गाडीने पुढच्या बंदरात जातो. समुद्राला इतकी जवळ आणि इतकी समांतर रेल्वे असणं ही कुटुंब घेऊन हिंडणाऱ्यांची चैन आहे, ती वापरा.

आता तो हळूच विचारलेला प्रश्न. भांडाल. बहुतेक जोडपी दोन वेळा भांडतात: नांगर टाकताना आणि तिसऱ्या आठवड्यात.

नांगराचं भांडण सोपं आहे. एक जण पुढे साखळीशी, दुसरा मागे इंजिनशी, मध्ये तीस फूट, वारा आणि इंजिनचा आवाज. ओरडल्याशिवाय ऐकू जात नाही, आणि ओरडलेलं रागावल्यासारखंच वाटतं. त्यात सगळं बंदर बघत असतं. हाताच्या पाच खुणा ठरवा: पुढे, मागे, थांब, डावी-उजवी, नांगर पडला. तोंड बंद. दोघांत ज्याला बोट कमी येते त्याला सुकाणू द्या आणि ज्याला जास्त येते त्याने पुढे जाऊन साखळी उचलावी. सहसा उलट असतं, आणि मग जास्त येणारा मागून सूचना देत राहतो. अशाने कमी येणारा कधी शिकत नाही.

तिसऱ्या आठवड्याचं भांडण कशावरूनही होतं. ओला टॉवेल, कुणी तरी न विसळलेला कप. खरं कारण हे की त्या दिवसापर्यंत कुणालाच एकटं राहायला मिळालेलं नसतं. म्हणून सुरुवातीपासून वाटणी करा: एक दिवसाआड दोन तास, एकाने एकट्याने किनाऱ्यावर जायचं, मुलं दुसऱ्याकडे. त्या वेळात काय केलं हे विचारायचं नाही. मुलीला तिच्या बंकला पडदा हवा, आणि तो ओढलेला असेल तर आत डोकावायचं नाही, आईनेसुद्धा. मुलांना समवयस्क मुलं हवी असतात, नुसते आईबाप अडीच महिने कुणालाच पुरत नाहीत. म्हणूनच एका बंदरात तीन दिवस. पहिल्या दिवशी गावची पोरं लांबून बघतात, दुसऱ्या दिवशी क्रिकेट सुरू होतं.

एक अधिकार सगळ्यांना द्या, चार वर्षांच्यालाही: "आज नको" म्हणण्याचा. कारण न देता. लहान मुलं त्याचा गैरवापर करतील असं वाटतं. दोन-चार दिवस करतातही. तुमच्याकडे सव्वादोनशे मैलांसाठी महिना-सव्वा महिना आहे, तेवढी चैन परवडते. बोट चालू झाल्यावर मात्र एकाचाच शब्द, आणि तो कुणाचा हे मुंबईतच ठरवून या. रोज बदललात तरी चालेल, पण सकाळी निघताना मोठ्याने सांगायचं, आज कर्णधार कोण ते.

परतीबद्दल तुम्ही काहीच विचारलेलं नाही, आणि मला खरी काळजी तीच आहे. जाताना मदत करणारा वायव्य वारा येताना तोंडावर येतो आणि जानेवारी सरेल तसा वाढत जातो. उत्तरेला येताना पहाटे तीन-साडेतीनला निघायचं, उजाडेपर्यंत आदल्या फेरीत नोंदलेल्या वाटेवरून, किनाऱ्याला धरून, मतलई वारा आणि इंजिन दोन्ही वापरायची, आणि अकराला कुठेही असलात तरी जवळच्या बंदरात शिरायचं. डिझेल जातानाच्या दुप्पट धरा, दिवसही थोडे जास्तच. याच काळात मुलं कंटाळलेली असतात आणि मोठे दमलेले. माझा सल्ला असा की मुलांना आणि आजींना तुमच्यापैकी एकाने मडगावहून रेल्वेने परत न्यावं आणि दुसऱ्याने एखादा बोट जाणणारा मित्र बोलावून बोट वर आणावी. कोण रेल्वेने जाणार हे आधीच ठरवू नका, गोव्यात ठरवा. तोपर्यंत बोट कुणाला जास्त आवडली आहे ते कळलेलं असेल आणि तुम्हाला आत्ता वाटतंय त्यापेक्षा उत्तर वेगळं निघू शकतं.

बोट फेब्रुवारीच्या मध्याला परत द्यायची आहे, म्हणजे २० जानेवारीनंतर गोव्याच्या मांडवी नदीत एकही दिवस जास्त नाही, मुलीने कितीही गळ घातली तरी.